सव्वा मूठ गहू

आमच्या भाऊबंदांत माणूस मोजायचा तो गव्हाने. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशातली देवी कानबाई बसते आणि त्याच्या आदल्या सकाळी सगळ्या घरांचे गहू एकाच परातीत पडतात. माणशी सव्वा मूठ. म्हणजे एक भरलेली मूठ आणि वर एक चिमूट. त्याच गव्हाच्या पिठाचे रोट होतात आणि ज्यांची मूठ पडली त्यांनीच ते खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. काही घरांत फक्त पुरुषांच्या मुठी घेतात. आमच्याकडे सुनांच्याही घेतात, आणि हे आम्ही चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगतो. मूठ पडली की तुम्ही घरचे. नाही पडली तर पाहुणे. या, बसा, चहा घ्या.

हे सगळं धुळ्यापासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावी, नानांच्या ओसरीवर चालतं. नाना म्हणजे माझे थोरले दीर. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या गल्लीतली कोंबडी दचकावी. नाना पाटावर बसून पुकारा करतात आणि ज्याचा पुकारा झाला तो पुढे येऊन आपली मूठ परातीत टाकतो. पुरुषाला त्याच्या नावाने पुकारायचं आणि सुनेला तिच्या माहेरच्या गावाने. थोरल्या जाऊबाई, नानांच्या बायको, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, त्या सोनगीरवाली. मी अमळनेरवाली.

आता खरं सांगते. अमळनेरशी माझा संबंध एवढाच, की तिथे माझ्या यजमानांच्या एका मित्राचं घर आहे.

मी सावद्याची. केळीच्या बागांत वाढलेली मुलगी. शिकायला जळगावला होते, राहायला असोद्याला मावशीकडे. रोज एसटीने जायचं, रोज उशीर व्हायचा आणि रोज मास्तरांची बोलणी खायची. त्याच वर्गात धुळ्याकडचा एक मुलगा होता. तो एवढा कमी बोलायचा की आधी मला वाटलं मुका आहे. मुका नव्हता. बरोबर वेळेला बरोबर तेवढं बोलला आणि आम्ही लग्न करायचं ठरवलं. त्याची जात वेगळी, माझी वेगळी. त्याची बोली वेगळी, माझी वेगळी. बाहेरच्यांना काय, सगळे खान्देशीच. पण आमच्या आम्हाला विचारा! सावद्याच्या माणसाने तोंड उघडलं की धुळ्याचा माणूस ओळखतो हा कुठला, आणि धुळ्याच्या माणसाने "आहे"च्या जागी नुसतं "शे" म्हटलं की सावद्यात पोरं तोंड दाबून हसतात.

माझ्या बापाने चार वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. सासऱ्यांनी मात्र वेगळाच मार्ग काढला. ते माणूस प्रेमळ, पण भाऊबंदांना भ्यायचे. त्यांनी भाऊबंदांत सांगून टाकलं, की पोरगी अमळनेरची आहे, आपल्यातलीच आहे, मायबाप नाहीत. झालं! माझे चांगले हट्टेकट्टे मायबाप सावद्यात केळीला पाणी देत होते आणि इथे मी अनाथ झाले.

मला अमळनेरची करायचं काम अक्कांकडे आलं. दोन महिन्यांत त्यांनी मला अहिराणी शिकवली. कुठला शब्द गिळायचा, कुठला लांबवायचा, हे त्या चुलीपाशी बसून मला घोटवून घ्यायच्या. "कोनी माहेरनं इचारं ना, गावनं नाव सांगानं नि लगेच कामले लागानं," असं त्या सांगायच्या. कोणी माहेरचं विचारलं तर गावाचं नाव सांगून लगेच कामाला लागायचं. पुढचा प्रश्न येऊच द्यायचा नाही. मला तेव्हा वाटायचं, काय हुशार बाई आहे! पुढे मी शाळेत लागले, मुख्याध्यापिका झाले, मोठमोठ्या साहेबांना दारातून परत पाठवलं. पण गावी गेले की मान खाली घालून अमळनेरवाली.

बापाचा राग गेल्यावर आई-वडील मला भेटायला यायचे, ते धुळ्याच्या आमच्या बिऱ्हाडी. केळीचा घड, वांगी, शेवग्याच्या शेंगा, सगळं घेऊन. गावी कधी नाही. वडील तसेच गेले. आई आज ऐंशीच्या पुढे आहे आणि तिने माझ्या सासरचं अंगण पाहिलेलं नाही. एकदा तिने विचारलं होतं, "तुह्या सासरी तुळस कुठी लावेल आहे गं?" मी सांगितलं, डाव्या हाताला. ती "बरं" म्हणाली. मी लगेच चहा ठेवायला उठले. अक्कांची शिकवण!

असो. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाने लग्न केलं. मुलगी धुळ्याच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिरपूर तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याशी बोराडी आहे तिथली, पावरा या आदिवासी समाजाची. मुलाने घरी सांगितलं तेव्हा यजमान नेहमीप्रमाणे तोंडात मूग धरून बसले. मी मात्र म्हटलं, "बाबा रे, मला विचारतोस? मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" मुलाला त्याचा अर्थ कळला नाही. त्यालाही आम्ही त्याचं आजोळ अमळनेर सांगूनच वाढवलं होतं, आणि सावद्याच्या आजी-आजोबांना तो आईचे मानलेले मायबाप समजायचा. हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात.

लग्न बोराडीला झालं. ढोल असा वाजला की माझे यजमान, जे स्वतःच्या लग्नात हसले नव्हते, ते तासभर नाचले. व्याह्यांनी मला हाताला धरून ओळीत घेतलं. माझ्या पायाला ताल सापडेना, तर तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी मला दोन्ही बाजूंनी काखेत धरून नाचवलं. मी मनापासून खूश होते. आमच्या भाऊबंदांतून मात्र कोणी आलं नाही. नानांची कंबर धरली होती, तात्यांच्या घरी पाहुणे होते. तात्या म्हणजे चुलत दीर, भाऊबंदांतले सगळ्यात करडे. एकेकाची कारणं ऐकून मला वाटलं, रजेचे अर्जच वाचतेय.

श्रावण लागला तसा तात्यांचा निरोप आला. पोराने बायकोला घेऊन दर्शनाला यावं, काही हरकत नाही. मुठीचं पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय ते मी चांगलं ओळखते. शाळेच्या छपराचं मला सात वर्षं "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होते. माझं डोकं फिरलं. नवी सून घरात आल्यावर पहिल्या कानबाईला तिची मूठ पडते, हा आमच्यात रिवाज आहे. पहिल्या वर्षी नाही पडली की ती राहिलीच. मग ती आयुष्यभर या ओसरीच्या पायरीवर बसणार, आणि तिची पोरं आली की कोणीतरी हळूच विचारणार, यांच्या मुठी कशा धरायच्या?

भांडायला हवं होतं. मी भांडखोर म्हणून सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध आहे. पण त्या ओसरीवर माझं तोंड उघडतच नाही, काय करू! एकतीस वर्षांची सवय. तोंड उघडलं की कुठून तरी सावदा बाहेर पडेल, ही भीती. मग मी माझ्या जुन्या सवयीचा मार्ग काढला. चोरीचा.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं गावी पोचलो. ओसरी माणसांनी भरलेली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका आपापल्या डब्यांतून गहू घेऊन. माझी सून पायरीवरच बसली. तिला कोणी बस म्हणालं नाही की ऊठ म्हणालं नाही. नानांनी पुकारा सुरू केला. यजमानांची मूठ पडली, मुलाची पडली. मग "अमळनेरवाली" असा पुकारा झाला. मी पुढे गेले, सव्वा मूठ टाकली, आणि पदर सावरायच्या निमित्ताने वाकून आणखी सव्वा मूठ परातीत सोडली. कोणाचं लक्ष नव्हतं. मनात म्हटलं, घ्या! पडली की नाही माझ्या सुनेची मूठ? उद्या तिला माझ्या ताटातला रोट भरवीन आणि कानबाईला काय ते कळेल.

मी परत येऊन बसते न बसते तोच सून उठली आणि मला म्हणाली, "आई, जरा मागे येता?"

मागे गोठ्यापाशी आम्ही उभ्या राहिलो. ती मला नेहमी हसत बोलणारी. तेव्हा हसत नव्हती.

"तुम्ही दोन मुठी टाकल्या."

"हो," मी जरा फुशारकीनेच म्हटलं. "दुसरी तुझी."

"मला विचारलंत?"

मला वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडेल.

"आई, चोरून मोजलं म्हणजे मी मोजलेच गेले नाही," ती म्हणाली. "उलट तुम्ही मला लपवलंत. कॉलेजात दर वर्षी कोणीतरी म्हणतं, मॅडम, तुम्ही आदिवासी वाटत नाही हो. कौतुकाने म्हणतात. मी विचारते, मग आदिवासी कशी वाटते? त्यांनी आम्हाला पाहिलंय कुठे, तर संमेलनात. पोरापोरींना झाडाचा पाला नेसवायचा, तोंडाला काळं फासायचं आणि हुर्र हुर्र करत नाचवायचं. माझ्या आजीच्या अंगावर शेरभर चांदी असायची. पाला नेसलेली मी तिला कधी पाहिली नाही."

मला हसू आलं, ते मी दाबलं. आमच्या शाळेच्या संमेलनातही तो पाल्याचा नाच व्हायचा. मीच बक्षीस द्यायचे.

"वसतिगृहात पहिल्या वर्षी मला एका मैत्रिणीने शिकवलं, नुसतं शिरपूरची सांग. शिरपूर म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. मी वर्षभर तेच सांगितलं. आणि त्या वर्षभरात वडिलांना वसतिगृहावर येऊ दिलं नाही. ते आले की कळलं असतं ना. एकदा ते न सांगता आले. मी त्यांना गेटाबाहेर चहाच्या टपरीवर बसवलं आणि तिथूनच परत पाठवलं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. आई, त्या दिवसानंतर मी ठरवलं, जिथे माझं गाव सांगता येणार नाही तिथे मी बसणार नाही. तुमचे रोट मला नसले तरी चालेल. पण तुमच्या पदराखालून मला आत नेऊ नका."

गेटाबाहेरच्या टपरीवर बसलेला तो बाप मला दिसला आणि त्याच्याशेजारी माझी आई. मला रडू फुटलं. सून घाबरली. तिला वाटलं, आपण सासूला जास्त बोललो. "आई, सॉरी," म्हणून ती माझा हात धरायला लागली. मी म्हटलं, "गप्प बस. सॉरी कोणी म्हणायचं ते मला कळतं."

ओसरीवर परत आले तेव्हा पुकारा संपला होता आणि परात घरघंटीकडे निघाली होती. एकदा दळण सुरू झालं की मूठ काढताही येत नाही आणि टाकताही येत नाही. "थांबा!" मी ओरडले. शाळेच्या मैदानावर ओरडायचे ना, तशी. सगळी ओसरी थांबली. नानांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय व्हयनं मास्तरीन?" एरवी ते मला मास्तरीन म्हणतात.

"परातीत एक मूठ जास्त आहे. मी टाकली. माझ्या सुनेची. चोरून टाकली, ते चुकलं माझं. आता ती काढा आणि पुकारा करून तिची तिला टाकू द्या."

तात्या उठून उभे राहिले. "डोंगरनी पोर आपला रोटमा? ते जमाव नही. कानबाईना रोटले आपलंच मानूस लागस."

पायरीवर माझी सून ताठ उभी होती. मुलगा तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. आणि माझ्या आत एकतीस वर्षं शिजत असलेलं सगळं एकदम उतू गेलं.

"आपलं माणूस लागतं?" मी म्हटलं. "मग माझ्या मुठी पण काढा. एकतीस वर्षांच्या. काढा शोधून! मी अमळनेरची नाही. मी सावद्याची आहे. तुमच्या जातीची नाही आणि तुमच्या बोलीची नाही. माझे मायबाप मेलेले नव्हते. बाप चार वर्षांपूर्वी गेला आणि आई अजून जिती आहे. ऐंशीच्या वर वय आहे तिचं आणि तिने हे अंगण पाहिलेलं नाही. तुमची कानबाई एकतीस वर्षं माझ्या हातचे रोट खातेय, कोपली का ती? बोला ना!"

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. यजमान उठले आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. बोलले अर्थात काहीच नाही. पण आले. मला तेवढंही खूप झालं.

नाना परातीत बघत म्हणाले, "माले म्हाईत शे."

"काय माहीत आहे?"

"तू सावदानी शे ते. पहिलाच सालले म्हाईत पडनं. तुले विच्चू चावना व्हता, तवय तू ज्या गाया दिन्यात, त्या अमळनेरन्या नव्हत्यात."

ओसरीवर कोणीतरी फिस्सकन हसलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला विंचू चावला होता, हे खरं. मी सावद्याच्या बोलीत शिव्या देत विंचवाच्या सात पिढ्या काढल्या होत्या, हेही खरं असणार. कळ मस्तकात गेल्यावर उसनी बोली कोणाला आठवते!

आता नाना एवढे मोठ्या मनाचे निघाले म्हटल्यावर मी पाया पडायला हवं होतं. मला उलट भयंकर राग आला. "माहीत होतं तर एकतीस वर्षं बोलला का नाहीत? मी इथे जीव मुठीत धरून बोलायचे. शब्द तोलून तोलून. झोपेत तोंडातून काही जाईल म्हणून बायकांच्या खोलीत झोपायची मला भीती वाटायची. तुम्ही एकदा म्हणाला असतात, पोरी, मला माहीत आहे, तर काय बिघडलं असतं?"

नानांनी चष्मा काढला. "मना बापनी भाऊबंदमा सांगेल व्हतं, पोर आपलीच शे. बापले खोटा कसा पाडू मी?" मग हळू आवाजात म्हणाले, "आनि तू बोलनी नही, म्हनीसन मी बी बोलनू नही. चुकनं ते. तुनी मायले बलाव. उद्याच बलाव."

मी मान डोलावली.

तात्या काहीतरी पुटपुटत ओसरीवरून उतरले आणि पाराकडे चालू लागले. जाताना त्यांनी बायकोला हाक मारली. ती जागेवरून हलली नाही. "तुम्ही व्हा पुढे, मना घुडघा दुखस," म्हणाली. नानांनी त्यांना अडवलं नाही. त्यांनी परात ओढून घेतली आणि सगळे गहू एका सुपात ओतले. "पह्यलापाईन मोजसूत," म्हणाले. पहिल्यापासून मोजू.

पुन्हा पुकारा सुरू झाला. पुन्हा एकेकाने आपल्या डब्यातून मूठ भरून परातीत टाकली. यजमान झाले, मुलगा झाला. मग नानांनी घसा साफ केला आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सावदावाली!"

माझं गाव. त्या ओसरीवर, मोठ्याने. मला वाटलं होतं, मी रुबाबात पुढे जाईन. कसचं काय! घाईत अर्धी मूठ परातीबाहेर सांडली. सून मागून म्हणाली, "सावकाश आई, परत भरा." मी परत भरली.

"बोराडीवाली!"

सून पायरी चढून वर आली. तिने आधी नानांकडे पाहिलं, मग परातीकडे, आणि माझ्या डब्यातून चांगली घसघशीत मूठ भरली. प्राध्यापक बाई, चिमूटही मोजून घेतली. गहू परातीत पडले. नाना म्हणाले, "बठ आठे," आणि बायकांच्या ओळीत बोट दाखवलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि नाक पुसलं, तेही पदराने, मुख्याध्यापिका असून.

पुकारा पुढे चालला. शेवटी घरच्या यजमानीणबाई, म्हणजे अक्का.

"सोनगीरवाली!" नाना म्हणाले.

अक्का उठल्या नाहीत. त्या डब्यात हात घालून तशाच बसून होत्या. नानांनी पुन्हा पुकारा केला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आयकतस का? मनं बी बदला." माझंही बदला.

नाना आपल्या बायकोकडे असे बघत होते, जणू ही बाई पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा घरात आली आहे.

"काय बदलू?"

"सोनगीर मना बापनं गाव. माय मनी डोंगरमानी व्हती." त्यांनी माझ्या सुनेकडे बोट केलं. "इना गावना पल्याडनी. ती मरनी तवय मी पाच सालनी व्हतू. त्याना नंतर तिना गावनं नाव माले कोनी तोंडमा लेऊ दिन्हं नही. बापनी नही, काकानी नही. आज एक डाव तिना गावनं नाव ल्या."

आई डोंगरातली. माझ्या सुनेच्या गावापलीकडची. मला अमळनेरची होऊन कसं राहायचं ते चुलीपाशी बसून शिकवणारी बाई हीच! मी त्यांच्याजवळ सरकले.

नानांना विंचवाच्या शिव्यांतून माझं गाव कळलं होतं आणि स्वतःच्या बायकोचं कळलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि सगळ्या सुनांच्या ओळीकडे हताश होऊन पाहिलं. "आखो कोनी शे का?" त्यांनी विचारलं. आणखी कोणी आहे का?

आधी माझा मुलगा हसला, मग यजमान, मग सगळी ओसरी. अक्का सुद्धा. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"नाव सांग," नाना म्हणाले.

अक्कांनी सांगितलं, अगदी हळू. पासष्ट-सत्तर वर्षं तोंडात न आलेलं नाव, ते येताना अडखळलं. एक लहानसा पाडा. नानांनी पुकारा केला, तो चुकीचा. माझी सून म्हणाली, "नाना, असं नाही," आणि तिने ते नाव तिच्या गावी म्हणतात तसं म्हणून दाखवलं. नानांनी पुन्हा म्हटलं. अजून जरा चुकलं. तिने पुन्हा सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं, न रागावता.

तिसऱ्यांदा त्यांनी ते बरोबर म्हटलं, आणि अक्का मूठ भरून उठल्या.